आधी वेज, मग आयर्न, सगळ्यात शेवटी ड्रायव्हर

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी गोल्फच्या स्कोअरकार्डाच्या पाठीमागे रेघा मारल्या. कुठला क्लब, म्हणजे कुठली काठी, किती वेळा हातात आला, एवढंच मोजायचं होतं. अठरा होल संपले तेव्हा ९२ शॉट झाले होते. होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू ढकलायचा पटर ३४, जवळून चेंडू उचलून टाकायचे वेज २४, सगळ्यात लांब मारायचा ड्रायव्हर १२, आणि उरलेले २२ मधल्या अंतरांचे आयर्न, हायब्रिड, फेअरवे वूड मिळून. घरी येऊन चहा घेता घेता मी त्या रेघांकडे बघत बसलो. आदल्या तीन वर्षांत क्लबांवर जेवढा खर्च केला होता, त्यातला निम्म्याहून जास्त त्या १२ रेघांवर गेला होता. आणि ज्यांच्या २४ रेघा होत्या ते दोन वेज पहिल्या सेटबरोबर आलेले तेच होते, फेसवरच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवरच्या, खाचा पार बोथट झालेले.

तिथून पुढे वर्षभरात मी पिशवीतल्या चौदापैकी दहा क्लब बदलले आणि या वेळी क्रम मुद्दाम उलटा ठेवला. आधी वेज घेतले, मग आयर्न, ड्रायव्हर अगदी शेवटी. नवा सेट घ्यायच्या विचारात असलेल्या कोणालाही मी हाच क्रम सांगेन.

माझे आकडे आधी देतो, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज येईल. वय ६२, उंची पाच फूट सहा इंच, हँडिकॅप १९, म्हणजे ठरलेल्या शॉटपेक्षा साधारण तेवढे जास्त, ड्रायव्हरचा वेग ताशी ८४ मैल. खेळतो येरवड्याला, पूना गोल्फ क्लबवर, आठवड्यातून दोनदा. ज्याचा वेग शंभराच्या पुढे आहे त्याने माझी निवड जशीच्या तशी उचलू नये, तपासायची पद्धत उचलावी. नोकरी फोर्जिंगच्या कारखान्यात झाली, ३१ वर्षं, त्यातली बहुतेक धातूच्या लॅबमध्ये. त्यामुळे कुठलाही क्लब हातात आला की मला आधी त्यातलं पोलाद दिसतं.

वेज घेताना लॉफ्टचा, म्हणजे फेस किती अंश मागे कललेला आहे त्याचा, आकडा सगळे बघतात. ५६ लिहिलंय ना, मग झालं. पण त्याच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, ८, १० किंवा १४ असा. तो बाउन्स. वेज फरशीवर सरळ टेकवा आणि डोळा फरशीच्या पातळीला आणा. तळाची पुढची कड किंचित उचललेली दिसेल आणि मागचा फुगीर भाग टेकलेला. तो उतार म्हणजे बाउन्स. पुढची कड नांगराच्या फाळासारखी जमिनीत शिरायला बघते, मागचं पोट होडीच्या तळासारखं तिला वर तरंगत ठेवतं. जमीन मऊ असेल तर पोट मोठं हवं, टणक असेल तर बारीक.

हे पोट क्लबला अमेरिकी गोल्फपटू जीन सॅराझेनने दिलं. त्याच्या आधी बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, निब्लिक नावाच्या पातळ कडेच्या जुन्या क्लबने खेळायचे आणि ती कड वाळूत रुतायची. सॅराझेनने निब्लिकच्या तळाला डाख चढवून मागचा भाग जाड केला, आणि १९३२ साली इंग्लंडमधल्या प्रिन्सेस कोर्सवर ब्रिटिश ओपन जिंकली तेव्हा तो क्लब त्याच्या पिशवीत होता. विमानाच्या शेपटीवरून ही कल्पना सुचली असं तो सांगायचा. नवा क्लब घडवून घ्यायच्या आधी त्याने हातात होता त्यावरच डाख चढवून बघितला, ही गोष्ट मला फार भावते. शॉप फ्लोअरवरचा चांगला फिटर असंच करतो.

मला बाउन्स कळला तो एप्रिलमध्ये. सकाळचे साडेनऊ झाले होते, ग्रीन तीस यार्डांवर, मध्ये काहीच अडथळा नाही. बर्म्युडा म्हणून ज्या गवताचं नाव गोल्फवाले घेतात ते आपल्या हरळीचंच कूळ. उन्हाळ्यात ती अंगाला चिकटवल्यासारखी बसते आणि खालची माती फरशी होते. माझा जुना ५६ चा वेज, बाउन्स १४. मारला, आणि हातात शॉट यायच्या आधी कानाला ‘टक्’ ऐकू आलं. चेंडू गुडघ्याएवढ्या उंचीने ग्रीन ओलांडून पलीकडच्या झाडीत गेला.

माझी पिशवी वाहणारे नेहमीचे कॅडी वयाने माझ्याच बरोबरीचे आहेत, तीस वर्षांहून जास्त काळ या कोर्सवर आहेत. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी माझ्या हातातून वेज घेतला, उलटा केला आणि तळ उन्हाकडे धरला.

“सर, पुढची धार बघा. कोरी आहे. ओरखडे सगळे मागं आहेत.”

खरंच होतं. मागच्या फुगवट्यावर पांढऱ्या रेघांचा पट्टा उमटला होता आणि पुढची कड नवी असल्यासारखी स्वच्छ होती.

“म्हणजे आधी पोट आपटतंय, तिथून उसळतंय आणि धार चेंडूच्या मध्यावर लागतीये. उन्हाळ्यात एवढं पोट चालत नाही इथं. बारीक घ्या.”

लॅबमध्ये तुटलेला भाग समोर आला की आम्ही आधी त्याच्यावरच्या खुणा वाचायचो, तर्क नंतर. मामांनी नेमकं तेच केलं.

पण बारीक पोटाचा एक वेज घेऊन प्रश्न सुटत नाही. आपल्याकडे पावसाळा आहे. जुलैत तीच जमीन लोण्यासारखी होते, आणि एप्रिलमध्ये जो वेज चेंडूखालून अलगद सरकतो तोच तिथे फाळासारखा आत जातो. चेंडू दहा यार्डांवर आणि मातीचं ढेकूळ पंधरावर. बंकरचं गणित तर याच्या बरोबर उलटं. पावसात वाळू दबून घट्ट होते, तिथे बारीक पोट बरं. उन्हाळ्यात ती कोरडी, पोकळ होते, तिथे मोठं पोट लागतं. म्हणजे उन्हाळ्यात गवतावर एक आणि वाळूत दुसरा, आणि पावसाळ्यात नेमकी अदलाबदल. परदेशी परीक्षणांमध्ये एकाच प्रकारच्या जमिनीवर दहा वेज मारून त्यांना गुण दिलेले असतात. आपल्याला ते अपुरं पडतं, कारण आपला एकच कोर्स वर्षात दोन कोर्स होतो.

म्हणून मी दोन वेज मुद्दाम विरुद्ध स्वभावाचे घेतले. दोन्ही टायटलिस्टचे व्होकी. एक ५४ चा, बाउन्स १४, एफ ग्राइंड (ग्राइंड म्हणजे तळाची घासून केलेली घडण), म्हणजे रुंद, भरलेला तळ. दुसरा ५८ चा, बाउन्स ८, एम ग्राइंड, यात टाच आणि मागची कड तासून कमी केलेली असते, त्यामुळे फेस उघडला तरी पुढची कड जमिनीला धरून राहते. एप्रिल-मेमध्ये ग्रीनच्या आसपास ५८ आणि बंकरमध्ये ५४. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीनच्या आसपास ५४ आणि बंकरमध्ये ५८. मामांना आता विचारावंही लागत नाही.

या वेजचं पोलाद ८६२० आहे. हा आकडा वाचून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं, कारण गिअर करायला हेच पोलाद आयुष्यभर हाताळलं. गिअरला वरचा थर कार्बन देऊन कडक करतात, वेजला ते मऊच ठेवतात. फिनिश मी क्रोम घेतलं. रॉ नावाचं बिनमुलाम्याचं फिनिश दिसायला देखणं असतं, त्यावर गंज चढलेला काहींना आवडतो, आणि नियमातही बसतं. पण पुण्याच्या जुलैत ओली पिशवी रात्रभर गाडीच्या डिकीत राहिली की काय होतं ते मला माहीत आहे. वापरलेला वेज घेणार असाल तर खाचेच्या कडेवरून नख फिरवून बघा. नख अडायला हवं. २०१० पासून स्पर्धांमध्ये खाचांच्या कडांच्या धारेवर आणि आकारावर मर्यादा आहे, त्यामुळे नव्या वेजचीही धार पूर्वीएवढी नसते. जी आहे तीही गेली तर ओल्या गवतात चेंडू फिरकी न घेता घसरत जातो.

सप्टेंबरमध्ये पुन्हा रेघा मारल्या. ८७ शॉट, त्यात वेजचे २०. ड्रायव्हर तेव्हा जुनाच होता, १२ च्या १२.

आता आयर्न. इथे माझ्या मनाची बरीच ओढाताण झाली.

कापलेल्या क्रँकशाफ्टचा तुकडा घासून गरम आम्लात ठेवला की थोड्या वेळाने त्यावर रेषा उमटतात, लाकडाच्या फळीवर असतात तशा. वळण आलं की रेषाही वळतात, कुठे तुटत नाहीत. चांगल्या फोर्जिंगची ही ओळख. इंजिनात क्रँकशाफ्टला कोट्यवधी वेळा पीळ बसतो, तिथे या रेषांवर त्याचं आयुष्य ठरतं. मिझुनो ही जपानी कंपनी आपल्या आयर्नबद्दल बोलताना याच रेषांचं नाव घेते, ग्रेन फ्लो फोर्जिंग. त्यांचे हेड हिरोशिमात घडवतात, एका दांडीतून, मऊ कार्बन पोलादाचे. मिझुनो प्रो २४१ चा ७ नंबर मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा बराच वेळ खाली ठेवला नाही. मानेपाशी, जिथे हेड होझेलला, म्हणजे दांडी बसते त्या नळीला, मिळतं, तिथला बाक इतका सफाईदार आहे की डायवर काम करणाऱ्या माणसाची मेहनत कळते.

त्याच्या शेजारी पिंगचा जी ४३०. हा ओतीव, १७-४ स्टेनलेस, पाठीमागे पोकळ, वजन कडांना नेलेलं. पिंगचे कार्स्टन सोलहाइम मूळचे नॉर्वेचे, जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर होते. १९५९ मध्ये त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये पहिला पटर केला आणि चेंडू लागल्यावर जो आवाज आला तेच कंपनीचं नाव झालं. वजन मधून काढून कडांना ठेवलं तर हेड कमी वळतं, हा त्यांचा विचार. फ्लायव्हीलचं वजन परिघावर का असतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

पुण्यातल्याच एका दुकानात पडद्यासमोर, ट्रॅकमॅन या चेंडूची उडी मोजणाऱ्या यंत्रावर, दोन्ही ७ नंबर सारख्याच वजनाच्या शाफ्टवर (दांडीवर) वीस-वीस चेंडू मारले. मिझुनो मधोमध लागला की चेंडू हवेत १३८ यार्ड जायचा आणि हाताला काही लागलं असं वाटायचंच नाही. टोकाकडे लागला की ११९. पिंग मधोमध १४७ आणि टोकाकडे १३९.

यातल्या १३८ आणि १४७ च्या फरकाला फार मान देऊ नका. मिझुनोच्या ७ चा लॉफ्ट ३४ अंश आहे, पिंगच्या ७ चा २९. म्हणजे लॉफ्टने बघितलं तर पिंगचा ७ हा मिझुनोचा जवळपास ६ आहे, फक्त तळाशी ७ कोरलेलं आहे. ‘माझा सात नंबर आता दीडशे जातो’ असं कोणी सांगितलं की मी आधी लॉफ्ट विचारतो. खरा फरक दुसऱ्या आकड्यांत आहे. वाईट शॉटला एकात १९ यार्ड गेले, दुसऱ्यात ८. वीसपैकी मधोमध माझे सात-आठच लागतात. उरलेल्या बारांसाठी क्लब घ्यायचा असतो.

मग मी स्वतःलाच लॅबवाल्याच्या भाषेत विचारलं. चेंडू फेसला साधारण अर्धा मिलिसेकंद चिकटलेला असतो. आयर्नच्या हेडला क्रँकशाफ्टसारखा कोट्यवधी वेळचा पीळ कधीच बसणार नाही. मग त्या रेषा इथे करतात काय? हाताला जो मऊपणा जाणवतो तो मुख्यतः आवाजाचा आणि चेंडूच्या बरोबर मागे किती धातू आहे त्याचा. फोर्जिंगचा एक फायदा मात्र खरा आहे. मऊ पोलाद वाकवून लाय (दांडीचा जमिनीशी होणारा कोन) आणि लॉफ्ट एक-दोन अंश सहज बदलता येतात.

मी जी ४३० घेतला, ६ पासून पिचिंग वेजपर्यंत. एकतीस वर्षं फोर्जिंगचं मीठ खाल्लेल्या माणसाने ओतीव आयर्न घेतला याचं घरी येईपर्यंत वाईट वाटत होतं. मिझुनोबद्दलचं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही. ज्याचा शॉट दहातून सात वेळा मधोमध लागतो, त्याने तोच घ्यावा. त्याला चेंडूही माझ्यापेक्षा उभा उतरवता येईल. माझा पिंगवरून येणारा चेंडू जरा चपटा उतरतो, आणि मेमध्ये ग्रीन कडक झालं की मी दहा यार्ड अलीकडेच टाकतो.

पिंगच्या हेडवर रंगीत ठिपका असतो, तो लाय सांगतो. काळा म्हणजे प्रमाण. माझा लाल निघाला, म्हणजे थोडा चपटा. तपासायची पद्धत साधी आहे. चेंडूवर मार्करने उभी रेघ काढायची, ती फेसच्या बाजूला ठेवून मारायचं आणि फेसवर उमटलेली रेघ बघायची. माझ्या जुन्या आयर्नवर ती दर वेळी एकाच बाजूला कललेली यायची. माझे शॉट डावीकडे जातात म्हणून मी दोन वर्षं ग्रिप बदलत होतो. दोष क्लबच्या लायमध्ये होता आणि तो सेट विकणाऱ्या दुकानाने माझी उंचीसुद्धा विचारली नव्हती.

एक गोष्ट इथे जपा. लॉफ्ट कमी केलेल्या सेटमध्ये पिचिंग वेजही कमी लॉफ्टचा असतो. जी ४३० चा ४१ अंशांचा आहे. त्याच्यानंतर सरळ ५६ चा वेज ठेवला तर मध्ये १५ अंशांची दरी पडते, तीही शंभर यार्डांच्या आसपास, जिथून सगळ्यात जास्त खेळायचं असतं. मी त्याच सेटमधले ४५.५ आणि ५० चे क्लब घेतले आणि मग व्होकीचे ५४ आणि ५८. आता ११३, १०१, ९०, ७८, ६६ अशा पायऱ्या पडतात. जागा करायला ३ नंबरचं वूड भाच्याला दिलं.

ड्रायव्हरवर थोडक्यात लिहितो, कारण बदलण्यासारखं त्यात तुलनेने कमी आहे. हेड ४६० घनसेंटिमीटरपेक्षा मोठं चालत नाही. फेस किती उसळी देतो ते लोलक त्याला किती वेळ टेकतो यावरून मोजतात आणि २५७ मायक्रोसेकंदांच्या वर गेलं की तो बाद. सगळ्या मोठ्या कंपन्या त्या छताला कधीच्या टेकलेल्या आहेत. मग उरतं काय, तर मधोमध न लागलेला चेंडू किती सांभाळला जातो, आणि शाफ्ट व लॉफ्ट तुमच्या वेगाला जुळतो का.

पिंगचा जी ४३० मॅक्स १०के, टेलरमेडचा क्यूआय१० मॅक्स आणि कॅलवेचा पॅराडाइम एआय स्मोक मॅक्स, तिन्ही एकाच सकाळी मारले. पहिल्या दोघांचा भर हेड कमीत कमी वळण्यावर आहे, दोन्ही दिशांचं जडत्व मिळून १०,००० ग्रॅम-चौरस सेंटिमीटरच्या पुढे. टेलरमेडचा फेस कार्बनचा आहे, त्याचा आवाज दबका, भरीव. माझ्या सरासरीत तिघांमध्ये चार यार्डांचा फरक आला. एवढा फरक माझ्या पहिल्या आणि शेवटच्या दहा चेंडूंत नुसत्या दमण्याने पडतो. मी पिंग घेतला, कारण खाली बघितल्यावर त्याचं हेड माझ्या डोळ्याला सरळ बसतं.

खरा फायदा दोन साध्या बदलांनी झाला. माझा जुना ड्रायव्हर, त्याचं नाव नको, १०.५ अंशांचा आणि स्टिफ, म्हणजे कडक, शाफ्टचा होता. चेंडू ९ अंशांनी निघायचा आणि हवेत १७८ यार्डांवर पडायचा. नव्यात त्याहून लवचिक, रेग्युलर शाफ्ट घेतला आणि होझेल फिरवून लॉफ्ट १२ वर नेला. आता १४ अंशांनी निघतो आणि १९४ पर्यंत जातो. दुसरा बदल लांबीचा. फेसवर घामोळ्यांची पावडर भुरभुरवून दहा चेंडू मारले. सात ठिपके टाचेकडे. शाफ्ट एक इंचाने कापून साडेचव्वेचाळीस केला, पुन्हा पावडर, पुन्हा दहा. आठ ठिपके रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतील एवढ्या जागेत. कापल्यावर हेड हलकं वाटायला लागलं म्हणून तळाला शिशाची पट्टी चिकटवली आहे. उन्हात तिचा गोंद सुटतो, महिन्यातून एकदा अंगठ्याने दाबून घ्यावी लागते.

पावडरचा डबा, मार्कर आणि स्कोअरकार्डाची पाठ, एवढ्यावर निम्मं काम होतं. दुकानात जायच्या आधी हे करून जा. माझं फिटिंग ज्या मुलाने केलं त्याने मी नेलेले कागद बघून दोन तास दिले आणि एकदाही महागातलं पुढे केलं नाही.

रेघांचाच हिशेब लावायचा तर ३४ रेघा पटरच्या आहेत, मग तो आधी का नाही, असं मुलीने विचारलं. तिचं बरोबर आहे. माझा समज असा होता की वेजने चेंडू जवळ टाकला की पट आपोआप कमी होतील. सप्टेंबरच्या कार्डावर ते ३३ निघाले. पटरची लांबी आणि लाय बघायला येत्या बुधवारी त्याच मुलाकडे वेळ घेतली आहे.